दिवे वाटणारी

सव्वीस वर्षं मी दिवे वाटले.
खाणीच्या तोंडाशी, हातभर खिडकीतून:
दिवा त्याच्याकडे, बिल्ला माझ्याकडे.
पितळी, आकडा कोरलेला.
तो खिळ्यावर.
वर आला की दिवा मला, बिल्ला त्याच्या खिशात.
ज्याचा बिल्ला खिळ्यावर, तो माणूस खाली.
हे समजायला शाळा लागत नाही.

एकदा सात बिल्ले उतरले नाहीत.
त्याबद्दल मी बोलत नाही.

मग ब्रसेल्सहून पत्र आलं म्हणे,
कोळशाचे दिवस भरले.
भरलेच होते. मी काही गळा काढणारी नव्हे.
माझ्या ओनिसिमच्या छातीत रात्रभर
कुणीतरी रेती चाळायचं.
आणि जिऊ नदी, जी माझ्या लहानपणी
लवंडलेल्या दौतीसारखी वाहायची,
तिच्या तळाचे गोटे आता मोजता येतात.
परवा एका पोरानं ट्राउट धरला.
सगळी गल्ली बघायला गेली. मीही गेले.

शेवटची पाळी: बँड, एक मंत्री, फीत.
बंद करायलाही फीत लागते, हे मला नवीन.
विहिरीवर काँक्रीटचं झाकण बसलं.
बिल्ले जमा करून घेतले,
भंगारात घालायचे, किलोच्या भावानं.
मी म्हटलं, उद्या देते,
आणि तीनशे बारा बिल्ले
मैद्याच्या पिशवीतून घरी आणले.

स्वयंपाकघराच्या भिंतीभर आता खिळे आहेत.
सून म्हणाली, आई, हे काय दिवे लावलेत!
म्हटलं, जन्मभर तेच तर केलं.

ज्याचं मार्गी लागतं
त्याला बोलावून बिल्ला हातात देते.
इलारी पवनचक्कीवर चढायला शिकला,
तिकडे समुद्राच्या बाजूला, दोब्रोजात.
बाप चारशे मीटर खाली जायचा, हा नव्वद मीटर वर.
वरून फोन करतो: सावेता मावशी,
इथून काळं काहीच दिसत नाही!
दिला त्याचा.
दोघं जर्मनीत सॉसेज भरतात. त्यांचेही दिले,
पण हात अडखळला.
पोरं इथे आजीपाशी,
बाप फोनच्या काचेत.

तिबेरियूचा तसाच लटकलाय.
त्याला संगणक शिकवला, सहा आठवडे.
प्रमाणपत्र फ्रिजवर. तो खिडकीशी.
पहाटे साडेचारला उठतो, बूट चढवतो,
नाड्या बांधतो,
बसतो.

आणि लुक्रेत्सिया.
कँटीनमध्ये तीस वर्षं
तीनशे माणसांचं सूप ढवळलं तिनं.
यादीत नाही.
भरपाई खाली उतरणाऱ्यांना,
आणि ही कधी उतरली नाही ना!
तिचा बिल्ला मी लोणच्याच्या बरणीच्या झाकणातून कापला.
कडा हाताला लागतात.
लागू देत.

गेल्या महिन्यात राजधानीतून साहेब आले.
बूट स्वच्छ, पण माणूस भला.
म्हणाले, न्याय्य संक्रमणाचा हा टप्पा पूर्ण झाला,
फाईल मिटली.
'न्याय्य' हा शब्द फार जपून उच्चारत होते,
पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपासारखा.
मी भिंत दाखवली: मग हे एकशे एकेचाळीस?
ते म्हणाले, बाई, खाण तर बंद आहे.
खाली कोण असणार?

आमच्याकडे पाळी भोंग्यानं संपत नसे,
शेवटचा बिल्ला उतरल्यावर संपे.
हे त्यांना सांगत बसले नाही.
कपाटातून एक दिवा काढला,
पुसला, त्यांच्या हातात दिला,
आणि गळ्यातलं ओळखपत्र मागितलं.
हसले. दिलं.
मी ते तिबेरियूच्या शेजारी अडकवलं.

आता दर सोमवारी फोन येतो: कार्ड हवंय,
त्याच्याशिवाय ऑफिसचं दार उघडत नाही.
मी म्हणते, या की.
दिवा तेवढा घेऊन या,
आणि खाली कोण कोण भेटलं, तेही सांगा.