दोन किलो शंभर

पन्नास किलोची गोणी मला पाठीनं कळते.
वाशी मार्केटात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर,
काट्याआधी मी सांगतो :
शेठ, ह्यात दीड किलो कमी आहे.
शेठ हसतो. काटा लावतो. मग हसत नाही.

पण पालिकेच्या दवाखान्यात
नर्सनं टॉवेलात गुंडाळून हातात दिलं तेव्हा
पाठीला काहीच कळलं नाही.
दोन किलो शंभर, ती म्हणाली.
एवढे कांदे तर आमच्या हातून
गोणी शिवताना सांडतात.

सातव्या महिन्यात हर्षदाचं रक्त आठ होतं.
आठ म्हणजे काय, मी विचारलं, लिटर?
मढवीताई हसल्या नाहीत.
लोहाच्या गोळ्या मोजून दिल्या,
चहाबरोबर नको म्हणाल्या, जेवणात लिंबू पिळ.
मग माझ्याकडे वळून :
घरात ती कितव्या नंबरला जेवते?

भाऊ, चुलतभाऊ, मी,
आमचे डबे पहाटे तीनला भरलेले असायचे.
तिची भाकरी कशाशी असायची
मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून येताना भाजीच्या गाळ्यावरून
शेवग्याचा पाला, देठ मोडलेली राजगिऱ्याची जुडी.
तोंडाला लोखंडाची चव आलीय, ती म्हणायची,
आणि ताट सरकवायची.
मी एकाच ताटात जेवायला बसलो.
प्रेमबिम नाही,
किती खाल्लं ते दिसावं म्हणून.

पुढचे सहा महिने पोरीला फक्त अंगावरचं दूध.
गावाहून आईचा फोन : मध चाटवा,
घुटी द्या, उन्हाळा आहे, निदान पाणी.
दुधातच असतं पाणी, हर्षदा म्हणाली,
आणि फोन माझ्या हातात दिला.
त्या दिवशी मी दहा गोण्यांएवढा घामेजलो.

रात्रभर ती पाजायची. सकाळी मी आलो की
दुर्वा माझ्या खांद्यावर,
ज्या खांद्याला घट्टे आहेत त्याच्यावर नाही, दुसऱ्या,
आणि हर्षदा आधी जेवायची. गरम.

मग नाचणी.
चमचा उलटा केला तरी पडू नये एवढी घट्ट,
वर तुपाचा थेंब.
पोरीनं थुंकली. परत दिली, परत थुंकली.
चौथ्या दिवशी माझ्या शर्टावरची चाटली.
मग मुगाची खिचडी, अंड्याचं पिवळं,
उकडलेला बटाटा कुस्करून, आमच्याच गाळ्याचा.

काल तुर्भे स्टोअरच्या अंगणवाडीत
झोळीच्या काट्यापुढं रांग होती.
दहा महिने पुरे. मागच्या खेपेला तिचा ठिपका
पिवळ्या पट्ट्यात होता.
मी तिला उचललं, डोळे मिटले :
सात किलो सहाशे.
काटा म्हणाला, सात सहाशे चाळीस.

मढवीताईंनी तिची मूठ उघडली.
आत बटाट्याची फोड, चिकट, अर्धी चावलेली.
ही काढून परत लावते, म्हणाल्या.

बारा वर्षं मापात पाप केलं नाही मी.
राहू द्या ताई, म्हटलं,
घरी जाईपर्यंत पोटातच जाणार आहे.
लिहा.