नावडता आकडा

किसुमूच्या मोठ्या बाजारामागे, चप्पल शिवणाऱ्याला लागून
माझी टपरी. काच तडकलेले, सरोवरात पडलेले,
लेकरानं चघळलेले फोन इथं येतात.
गिऱ्हाईक फोन फळीवर ठेवतं
आणि मी तोंड उघडायच्या आत
आकडा सांगून मोकळं होतं, मोठ्यानं,
भाजीचा भाव सांगावा तसा.

मी म्हणते, मला नको सांगू, तूच दाब.
आणि तोंड फिरवते सरोवराकडे,
म्हणजे जिथं सरोवर असायला हवं तिकडे;
दिसतात नुसती पत्र्याची छपरं.
पण कानांना कुठं पापण्या असतात?

म्हणून मला ठाऊक आहे :
शिंप्याच्या फोनला त्याच्या जुळ्यांची जन्मतारीख.
मोटारसायकलवाल्या ओचोलाला त्याच्याच गाडीचा नंबर,
जो तो दिवसभर
अख्ख्या शहराला पाठीमागून दाखवत हिंडतो.
शाळेतल्या बाईंचा एक दोन तीन चार.
गणित शिकवतात त्या.

सुकी मासळी विकणारी फिलगोना
एका मंगळवारी आली. फोन धडधाकट होता.
म्हणाली, दुरुस्त कर.
उघडून पाहिला, बंद केला.
आत काहीच बिघडलं नव्हतं.

कुणा पोराचा फोन आला होता, आवाज गोड.
कंपनीतून बोलतोय, म्हणाला,
संध्याकाळपर्यंत तुझं खातं बंद पडेल, आई.
आई म्हणाला तो.
तिचा ओटिस दोहाला क्रेन चालवतो,
रविवारी फोन करतो, एखाद्या रविवारी नाही करत.
तो विमानात बसला ती तारीख, तेच चार आकडे
तिनं त्या पोराला दिले.
अकरा हजार शिलिंग. त्यातले सात बचत गटाचे.

मी रागावणार होते. तिच्या बोटांना खवले चिकटलेले,
काचेवर चमकत होते. नाही रागावले.

नवा आकडा ठरवू, म्हटलं.
ती म्हणाली, लेकीचा वाढदिवस. नको.
नवरा गेला ते साल. नको.
चर्चमधल्या भजनाचा क्रमांक.
अगं, तू तेच भजन रोज गुणगुणतेस, नको.
ज्याच्यावर तुझा जीव नाही
असा आकडा दे.

ती बराच वेळ गप्प.
चप्पलवाल्यानं एक अख्खा तळवा शिवला.
मग म्हणाली,
असा आकडा मी आणू कुठून?

शेवटी तिनं डोळे मिटून चार वेळा बोट टेकवलं.
मी छपरांकडे पाहत होते.
जाताना ओठांनी काहीतरी घोकत होती;
मी माझा रेडिओ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी आली : विसरले.
तिसऱ्या दिवशी पुन्हा.
चौथ्या दिवशी आली नाही.
लागला असेल लळा,
नावडत्यालाही लागतोच.

रात्री टपरीचं कुलूप मी दोनदा ओढून पाहते.
माझ्या स्वतःच्या फोनला
एका माणसाची तारीख होती,
दोन वर्षं झाली, त्याचं नाव मी घेत नाही.
त्याच रात्री बदलली.
कुणाला सांगितली नाही, कुठं लिहिली नाही,
आपल्याच दोन कानांतली गोष्ट.

तरी सकाळी अंगठा जुन्याच वाटेनं जातो.
फोन म्हणतो, चूक.
मी म्हणते, माहीत आहे.