माग

कोल्न स्टेशनात रूळ संपतात.
पुढे बफर, झुडपं,
आणि कुत्र्यांना फिरवणारी माणसं.
स्किप्टनची लाइन कधीच उखडून नेली,
वाट मात्र आगगाडीच्याच सवयीची राहिली:
वळायचं असेल तर फार आधीपासून
हळूहळू वळत जाणारी.

आज तिच्यावर बर्फ.
मॅव्हिस पुढे, मी मागे.
ती काठीनं दाखवते:
हा ससा.
हा कोल्हा, एका रेषेत, धावदोरा घातल्यासारखा.
आणि हा आपला पोस्टमन, डावा पाय ओढतो.

मॅव्हिसला ऐकू येत नाही.
अठ्ठावीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेली.
ती ओठ वाचते.
माझे वाचताना जरा अडखळते,
म्हणते, तुझं तोंड दुसरंच काहीतरी विणतंय.

खिशातल्या फोनवर तेरा आकडे.
पार्सल मुंबईहून निघालं, लंडनला उतरलं,
कोव्हेंट्रीत तीन दिवस बसून आहे.
आई रोज इचलकरंजीहून विचारते,
"लागला का माग?"

आमच्या घरी माग म्हणजे पोट.
चार होते, पत्र्याच्या शेडमध्ये.
"बाबा कुठायत?" "मागावर."
तिसरीच्या पुस्तकात आलं,
पोलीस चोराच्या मागावर होते,
तर मला वाटलं, चला,
पोलीसही रात्रपाळीला कापड काढतात.

बाबा गेले, माग किलोवर गेले.
मी तेव्हा इथे बस चालवत होतो,
नेल्सन, बर्न्ली, परत नेल्सन.
भंगारवाल्याचा टेम्पो गेल्यावर
चाकोऱ्या किती खोल उमटल्या होत्या अंगणात,
ते आईनं फोनवर सांगितलं.
भाव किती आला, ते नाही.

मंगळवारी पार्सल आलं.
जुन्या लुगड्याच्या तुकड्यात
बाबांचा धोटा,
अंगठा टेकायचा तिथे थोडा झिजलेला.

मॅव्हिस चहाला आली होती.
तिनं विचारलं नाही, उचलला,
फिरवला, भोक शोधलं,
ओठांना लावलं
आणि श्वास आत ओढला,
पंधराव्या वर्षी शिकली होती तसा.

धागा नव्हता.

ती थोडा वेळ तशीच बसली.
मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली,
"तेल लाव याला. लाकूड सुकलंय."

मी खोबरेल शोधायला उठलो.
थंडीनं बाटलीत गोठलं होतं.