हातभर वायर

मे महिन्यात, वरोऱ्याच्या अलीकडे
गाडी रोज त्याच पुलावर बंद पडायची.
बॉनेटखाली ओलं फडकं टाकून बसलं
की अर्ध्या तासानं
काही झालंच नाही अशी सुरू.

रऊफनं इग्निशन मॉड्यूलला बोट लावलं,
झटक्यात काढलं.
"बिघडलं नाही जी हे.
इंजिनाच्या अंगाले चिकटून हाये.
तुमी बसान काय चुलीवर?"

मग हातभर वायर,
फुटक्या कुकरच्या झाकणाची पत्री,
तिच्यावर पांढरा मलम, दोन स्क्रू,
आणि हेडलाइटमागची वाऱ्याची जागा.

पैसे देताना कळलं,
तोही आधी बल्लारपुरात बॉयलरवर होता.
आता कडुनिंबाखाली.

परतताना पुलावर
गाडी थांबली नाही.
सवयीनं मीच थांबलो.