चौथी पेटी, पाचवी पेटी

डिसेंबरात तार्तूला साडेतीनलाच अंधार पडतो,
तेव्हा दिवसभराचं काम म्हणजे रात्रीचंच काम.
कारेल खिडकीशी, हातातली कॉफी केव्हाच गार,
म्हणतो, उर्वे, ही तीनशे बारावी टेस्ट
माझ्याच्यानं सुटत नाही.

मी बघते.
दोन तक्ते. दोन्ही चार खणांचे, दोन्ही रिकामे.
प्रोग्रॅम एवढंच विचारतोय :
हा आणि तो, एकच का?
आमचा कंपायलर बेधडक सांगतो, हो.

चूक माझी. सात वर्षांपूर्वीची.
माणसानं लिहिलेलं मशीनला कळण्याआधी
ज्या रूपात मुक्कामाला थांबतं
ते मधलं रूप मीच रचलं होतं,
आणि ठरवलं होतं की संदर्भ म्हणजे
ज्याकडे बोट दाखवायचं, त्याचं वर्णन.
चार खण, रिकामे. झालं.
वर्णन जुळलं की वस्तू एक.
केवढी जागा वाचली होती तेव्हा,
आणि केवढी मिरवत होते मी!

माझे बाबा व्होरूकडच्या खेड्यांत टपाल वाटायचे.
त्यांच्या वाटेवर दोन एल्मार कुक होते.
एकाच सालचे, दोघेही डाव्या पायानं लंगडे,
दोघेही वसंतात एकाच दुकानातून बटाट्याचं बियाणं मागवणारे.
बाबा पाकिटावरचं माणसाचं नाव वाचतच नसत.
शेताचं नाव वाचत.
तिकडे प्रत्येक शेताला नाव असतं,
माणूस मेला, विकून गेला, शहरात गेला
तरी शेत त्याच नावानं हाक मारून घेतं.
पुढे सगळ्या पेट्या तिठ्यावर आणून एका फळीला ठोकल्या.
मग बाबा म्हणायचे :
लेप्पा तिठा, डावीकडून चौथी.
लेप्पा तिठा, डावीकडून पाचवी.

हे मला सात वर्षांपूर्वी का नाही सुचलं,
ते मला विचारू नका.

तीन आठवडे आम्ही नुसती बोटं बदलत होतो.
मूळ कोण, आणि तिथून किती पावलं,
एवढंच ठेवायचं. बाकी वर्णन पुसायचं.
सतराव्या नोंदीतला दुसरा भाग, त्यातला तिसरा खण.
अवघड हे, की त्या वेळी तिथे काहीच नसतं.
प्रोग्रॅम अजून चाललेला नाही,
मेमरीत एक वीटही रचलेली नाही,
आणि आपण पत्ता लिहितोय,
न बांधलेल्या घराच्या माडीवरच्या खोलीचा.
कारेल म्हणाला, खोटं वाटतं हे.
मी म्हटलं, खोटं नाही, उधार आहे.

तीनशे बारा पास झाली.
दुसऱ्या एकेचाळीस पडल्या.
कुणीकुणी त्या जुन्या चुकीच्या आधारानं
चांगले संसार थाटले होते, त्यांची पत्रं आली, रागाची.
एकाला मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं.
त्याचं म्हणणं खरंच होतं,
चूकही पुरेशी जुनी झाली की
लोक तिच्यावर दोरी बांधून कपडे वाळत घालतात.

शेवटच्या दिवशी कारेलनं विचारलं,
आणि मूळच कुणी काढून टाकलं तर?
सफाईवाला टप्पा आला, म्हणाला हे कुणी वापरत नाही,
पत्ता कट.
मग आपल्याकडे उरली नुसती पावलं?
मी एक ओळ लिहिली : असं झालं तर थांब, आणि ओरड.
यापेक्षा शहाणं काही मला येत नाही.

नाताळात गाडी घेऊन तिकडे गेले.
दोन्ही एल्मार आता नाहीत,
एका शेताचं छप्पर बर्फानं बसलंय,
दुसऱ्यावर वनखात्याची पाटी.
तिठ्यावरची फळी मात्र उभी.
हातमोज्यानं बर्फ झाडला, झाकणं उघडली.
चौथी रिकामी.
पाचवी रिकामी.
थंडीनं बोटं वळत नव्हती, तरी
आधी चौथीचं झाकण लावलं,
मग पाचवीचं.