रिकामं परत द्यायचं नाही

झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय:
सौ. कुमुद य. भुवड, चिपळूण, १९७९.
माझ्या सासूबाई.
नाव घालणाऱ्याचा हात 'भु'च्या उकारावर हलला होता,
ते बोटाला अजून लागायचं.

मत्रा बंद झालं तेव्हा हे सोहारला, नाक्यापलीकडे.
मी चौथ्या मजल्यावर,
दीड किलो तांदूळ, अर्धी पिशवी मूगडाळ
आणि दम्याची मुलगी.
दार वाजलं तर उघडायचं की नाही
हेसुद्धा ठरायचं होतं.

वर, टाक्यांशेजारच्या खोलीत
नोआखालीचे आठ प्लंबर राहायचे.
दोन संध्याकाळी गच्चीच्या जिन्यातून
कांदा परतल्याचा वास आला नाही.

खिचडी केली, डबा भरला, पायरीवर ठेवला,
कडी वाजवली आणि खाली पळाले,
चोरासारखी.

तिसऱ्या दिवशी डबा दाराशी.
आत, कागदात गुंडाळलेला, नळाचा एक नवा वॉशर.
माझ्या मोरीचा नळ ठिबकतो
हे त्यांना वर पाइपातून ऐकू येत होतं.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही,
हे मला वाटायचं आमच्या चिपळूणचंच.

मग डबा माझा राहिला नाही.
दुसऱ्या मजल्यावर शमसाबीबीकडे गेला,
बलुची बाई, गुडघ्यांनी अधू;
तिनं खजूर भरले आणि वर परत न पाठवता
खाली वॉचमनला दिले.
टेकबहादूरनं झाकण उजेडात धरून
एकेक अक्षर लावून वाचलं.
इमारतीत देवनागरी येणारा तो एकटाच.
त्या दिवसापासून मी कुमुददीदी.
माझं नाव वेगळं आहे. मी सुधारलं नाही.

सगळेच असे होते असं नाही.
तिसऱ्या मजल्यावरचे, प्लंबर जिन्यातून गेले
की मागून फवारा मारायचे.
आणि मी? आलेला डबा साबणानं तीनदा,
वर उकळतं पाणी.
लाज वाटते सांगायला. आणि वाटतही नाही.

मुलीचा पंप संपला ती रात्र रमजानातली.
हातातून हातात काही द्यायचं नव्हतं,
म्हणून रिकामा पंप डब्यात,
डबा टेकबहादूरच्या सायकलला,
सायकल नाक्यापर्यंत.
पुढे एका पोलिसानं नेला म्हणे, त्याची ड्यूटी सोडून.
त्याचं नाव माहीत नाही.
मास्कवरचे डोळे आठवतात, असं मी सगळ्यांना सांगते;
चार मजले उंचावरून कुठले डोळे दिसायला.
टोपी दिसली. आणि डबा
दोन्ही हातांनी धरलेला, सांडेल असा.

पहाटे दाराच्या मुठीला डबा.
आत नवा पंप
आणि ताकाची एक बाटली, अजून गार.
मुलगी झोपली. मी ताक प्यायले
उभ्यानं, बेसिनपाशी, रडत
आणि ते खारट होतं की मीच, कळलं नाही.

कुणाला आभार म्हणायचे?
आमच्यात तो शब्द सभा संपताना म्हणतात.

जुलैत ढाक्याचं विमान लागलं.
मोतालेब निघाला, त्याचा हिशेब बुडवून मुकादम पसार.
वाटेसाठी डबा भरून दिला.
'परत कसा करू, दीदी?'
'नको करू.'

नोआखालीतल्या कुठल्यातरी फळीवर असेल आता.
त्याची आई त्या ठिपक्यांना नक्षी समजत असेल.

सासूबाईंना फोनवर सांगितलं,
तुमचा डबा गेला.
त्या गप्प. एकोणऐंशीचा डबा.
मग म्हणाल्या, भरून दिलास ना?
रव्याचे लाडू, आई.
नारळ घातलास?
घातला. खालच्या कुंजुमोननं दुकानाचं शटर
वीतभर उचलून दिला.
पैसे?
घेतले नाहीत.

मग त्याचं भांडं
तुझ्याकडे राहिलं असेल एखादं, बघ.