कावळ्याची आंघोळ

पूर्ण आंघोळ रविवारी. ती ह्यांच्या हातची.
दोन बादल्या, शाम्पू, रबरी नळी,
आणि समोरच्या भदौरियांना कळावं म्हणून
एक मोठं खाकरणं.
तेव्हा मी मध्ये यायचं नसतं.

मधल्या वारांची आंघोळ कावळ्याची.
ती माझी.
लष्करात पाणी एक दिवसाआड,
धूळ मात्र रोज, न चुकता, दोन्ही वेळा.
मे महिन्यात चंबळच्या अंगाने आंधी उठली
की आमची पांढरी वॅगन-आर
बेसन भाजल्यासारखी दिसू लागते.

कोरडी धूळ घासू नये. ती उचलावी,
झोपलेल्या मुलावरून चादर उचलतो तशी,
ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने,
एकाच दिशेने.
गोल गोल फिरवलं की ऊन पडल्यावर
टपावर कोळ्याची जाळी दिसतात.
अर्धी बादली पुरते.
उरलेलं तुळशीला नाही, फरशीला.

खऱ्या कावळ्याने बॉनेटवर सही केली असेल
तर तिच्यावर ओलं बोळकं ठेवून
आत जावं, चहा टाकावा.
चहा उकळेपर्यंत ती आपणहून सुटते.
नखाने खरवडली तर जाताना
रंगही घेऊन जाते.
कडुलिंबाच्या चिकट्याला खोबरेल, चार थेंब.
काचेला कालचा पेपर, जरासा दमट:
दहावीचे निकाल, निधनवार्ता, भोपाळची भाषणं
सगळं काचेवरून एकदा फिरतं
आणि काळं होतं फक्त माझं बोट.

डिकीत एक निळी पिशवी आहे.
त्यात माझ्या वॉयलच्या साडीचा पदर: काचेसाठी.
ह्यांचा बनियन: दारांसाठी.
आशुतोषचा शाळेतला बनियन,
कॉलरपाशी शाईने ५-ब लिहिलेला,
तो अजून दारांवरच आहे,
टायरांवर उतरवायला हात होत नाही.

मार्चमध्ये ह्यांचा मोतीबिंदू काढला.
आधी उजवा, मग एप्रिलात डावा.
वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही.
मग काय, व्हरांड्यात खुर्ची टाकून,
काळा चष्मा लावून
ह्यांनी मला माझंच काम शिकवलं.
"वरून खाली, शरयू.
आधी टप. चाकं शेवटी.
चाकाचं फडकं वर आणू नकोस."
मी म्हटलं, बरं.
"आरशामागे पाहिलंस?"
पाहिलं.
"दिसत नाही इथून, पण राहिलंच असेल."

मेच्या दुसऱ्या रविवारी चष्मा उतरला.
पहाटे नळ आला. ह्यांनी बाह्या दुमडल्या,
बादल्या, नळी, खाकरणं,
सगळं जुन्या क्रमाने.
तासाभराने चार पावलं मागे सरले
आणि नव्या डोळ्यांनी गाडीकडे बघत राहिले.

वायपरच्या मुळाशी चिखलाची रेघ.
दारांच्या मुठींखाली अर्धचंद्र.
मागच्या काचेवर वाळलेल्या शाम्पूची
एक लांबलचक वेलांटी.

"हे," ते म्हणाले, "असंच राहायचं का दर वेळी?"

माझ्या पाठीमागे, मुठीत,
५-ब आधीच भिजवून पिळलेला होता.
चार वर्षांचे सोमवार
वायपरच्या मुळापासूनच सुरू होत आले आहेत,
ते दाढी करत असताना.

"आंधी आली असेल मघाशी," मी म्हटलं.

त्यांनी लिंबाकडे पाहिलं.
एक पान हलत नव्हतं.
प्रत्येक पान त्यांना वेगळं दिसत असावं,
कारण बराच वेळ पाहिलं.

"असेल," म्हणाले,
आणि फडक्यासाठी हात पुढे केला.